व्यवहार अर्धा राहिला, तो लाइट गेल्यामुळे नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यातील एका मराठी पतपेढीचे संगणकाचे काम तुम्ही पाहता. गेल्या महिन्यात एका सभासदाच्या बचत खात्यातून कर्जाच्या हप्त्यापोटी 12,000 रुपये नावे पडले, पण कर्जखात्यावर ते जमा झालेच नाहीत. त्या दिवशी सकाळी लाइट गेली होती, म्हणून प्रणाली पुरवणाऱ्याने सगळा दोष विजेवर टाकला. डेटाबेस मायएसक्यूएल आहे, सर्व टेबले इनोडीबीची (मायएसक्यूएलमधील माहिती साठवणाऱ्या इंजिनाची) आहेत आणि कोडमध्ये ट्रान्झॅक्शनही (अनेक बदल एकतर सगळे व्हावेत किंवा एकही होऊ नये अशी बांधणी) वापरलेले आहे. मग असे झाले कसे, आणि ट्रान्झॅक्शनवर विसंबायचे तरी किती, असे तुम्ही विचारले आहे. सोबत पाठवलेला कोडचा तुकडा आणि त्या दिवसाचा लॉग, म्हणजे प्रणालीने ठेवलेली घडामोडींची नोंद, मी दोनदा वाचला. डेटाबेसचे काम करायला लागून मला पंचवीस वर्षे झाली. त्यातील पहिली सहा वडोदऱ्याच्याच दांडिया बाजारातल्या एका सहकारी संस्थेत गेली, त्यामुळे जमा-नावे न जुळल्यावर कचेरीत पसरणारी शांतता मला चांगली ठाऊक आहे.

वीज इथे निर्दोष आहे. तुमच्याच लॉगप्रमाणे लाइट 11 वाजून 38 मिनिटांनी गेली, सर्व्हर यूपीएसवर चालूच राहिला, आणि हा व्यवहार 11 वाजून 52 मिनिटांनी झाला. वेळा जुळल्या असत्या तरीही मी विजेवर संशय घेतला नसता. ट्रान्झॅक्शनच्या मधोमध वीज जाणे हा डेटाबेसच्या दृष्टीने सर्वांत जुना आणि सर्वांत नीट सोडवलेला प्रश्न आहे. माझा अनुभव असा की अख्खा व्यवहार गायब असेल तर दोष टिकाऊपणाच्या बाजूला, म्हणजे डिस्क किंवा तिच्यावर लिहिण्याच्या सेटिंगमध्ये, शोधावा. व्यवहार अर्धाच उरला असेल, तर तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे डेटाबेसला सांगण्यात आपलीच चूक झालेली असते. तुमचा व्यवहार अर्धा उरलेला आहे.

डेटाबेस वीज कशी सोसतो, हे जुन्या हिशेबाच्या वह्यांकडे पाहिले की लवकर कळते. पेढीवर व्यवहार आधी रोजमेळात, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, उतरतो. खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर नोंद चढवणे, नंतर होते, कधी संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशीही. खातेवही कितीही मागे राहिली तरी बिघडत नाही, कारण रोजमेळावरून ती पुन्हा लिहिता येते. रोजमेळाच्या आधी खतावणी झाली, तर मात्र त्या नोंदीला आधार कुठलाच नसतो. डेटाबेसही हेच करतो. टेबलाचे पान डिस्कवर बदलण्यापूर्वी त्या बदलाची नोंद डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजमेळात, गेलीच पाहिजे, आणि कमिटचा, म्हणजे ट्रान्झॅक्शन कायम करण्याच्या आज्ञेचा, होकार देण्यापूर्वी त्या ट्रान्झॅक्शनच्या साऱ्या लॉग-नोंदी डिस्कवर पक्क्या बसल्या पाहिजेत. टेबलाची पाने नंतर सवडीने लिहिली तरी चालतात. वीज येऊन सर्व्हर उठला की तो लॉग वाचतो, कमिट झालेल्या पण पानांवर न पोचलेल्या नोंदी पानांवर चढवतो आणि कमिट न झालेल्या व्यवहारांचे बदल मागे घेतो. तुमच्या सभासदाचे पैसे नावे पडल्यावर आणि जमा होण्याआधी वीज खरोखर गेली असती, तर सर्व्हर उठल्यावर त्याचे 12,000 रुपये बचत खात्यातच सापडले असते.

मागे घेणे म्हणजे खोडणे नव्हे, हेही हिशेबनीसाला वेगळे सांगावे लागत नाही. मी कामाला लागलो तेव्हा आमचे मुख्य कारकून रोजमेळात खाडाखोड दिसली की पान पुन्हा लिहू देत नसत. ते चुकीच्या नोंदीखाली उलट नोंद घालायला लावत आणि दोन्ही नोंदी वाचता आल्या पाहिजेत असा त्यांचा आग्रह असे. काही वर्षांनी ‘एरीज’ या पुनर्प्राप्तीच्या पद्धतीविषयी वाचताना मला त्यांचीच आठवण झाली. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन आणि त्यांचे आयबीएममधील सहकारी यांनी ती 1992 मध्ये सविस्तर मांडली. त्या पद्धतीत रोलबॅक करताना, म्हणजे बदल मागे घेतानाही, लॉगमधील काहीच पुसले जात नाही. मागे घेतलेल्या प्रत्येक बदलाची भरपाई-नोंद लॉगच्या शेवटी जोडली जाते, आणि त्यामुळे मागे घेण्याचे काम चालू असतानाच पुन्हा वीज गेली तरी पुढल्या खेपेस सर्व्हरला आपण कुठवर आलो होतो ते कळते. आज प्रचारात असलेल्या अनेक डेटाबेसांच्या पोटात याच विचाराची कुठली ना कुठली आवृत्ती आहे. ट्रान्झॅक्शनची कल्पना अर्थात त्याआधीची. 1970 च्या दशकात आयबीएमच्या ‘सिस्टम आर’ प्रकल्पात जिम ग्रे यांनी ती बरीचशी घडवली, आणि पुढे 1998 चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. अखंडता, सुसंगती, विलगता आणि टिकाऊपणा या चार गुणांचे ‘ॲसिड’ हे आद्याक्षरी नाव 1983 मध्ये टेओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी रूढ केले.

टिकाऊपणाबद्दल एक सावधगिरी सांगून पुढे जातो. ‘इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट’ या सेटिंगची मूळ किंमत 1 असते, म्हणजे प्रत्येक कमिटला लॉग डिस्कवर पक्का होतो. वेग वाढवण्यासाठी ती कोणी 2 करून ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तसे केले की लॉग साधारण सेकंदातून एकदाच पक्का होतो, आणि वीज गेल्यास शेवटच्या सेकंदाभरातील कमिट झालेले व्यवहार हरवू शकतात. मात्र ते अख्खेच हरवतात, अर्धे होत नाहीत. पतपेढीच्या कामात ही किंमत 1 च ठेवावी. तेवढा वेग तुम्हाला लागतही नाही. शिवाय ‘लिहिले’ असे डिस्क सांगते तेव्हा तिने खरोखर लिहिलेले असतेच असे नाही, आणि या भानगडीत मुरलेले लोकही फसले आहेत. लिनक्सवर ‘एफसिंक’ (डिस्कवर पक्के लिही, अशी हाक) एकदा अपयशी ठरले की न लिहिलेली पाने टाकून दिली जाऊ शकतात आणि पुढच्या हाकेला ‘सर्व ठीक’ असे उत्तर येऊ शकते, ही गोष्ट 2018 मध्ये पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या मंडळींच्या ध्यानात आली. 2019 च्या सुरुवातीपासून पोस्टग्रेस अशा वेळी मुद्दाम स्वतःला बंद पाडतो आणि लॉगवरून नव्याने उभा राहतो. आणखी एक, ट्रान्झॅक्शन म्हणजे बॅकअप नव्हे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या सर्व्हरला कमिटचा काही उपयोग नव्हता. बॅकअपची प्रत नदीपासून दूर आणि उंचावर असावी, एवढेच त्यावर सांगता येते.

आता तुमचा कोड पाहू. त्यात ट्रान्झॅक्शन सुरू होते, बचत खात्याची शिल्लक 12,000 ने कमी होते, त्याची नोंद पडते, मग कर्जखात्याची बाकी कमी करणारे विधान (डेटाबेसला दिलेली एक आज्ञा) येते आणि शेवटी कर्जाची नोंद. हे सारे ‘ट्राय’मध्ये, म्हणजे त्रुटी येऊ शकते अशा कामाच्या भागात, आहे. ‘कॅच’मध्ये, म्हणजे त्रुटी आल्यावर चालणाऱ्या भागात, त्रुटी लॉगमध्ये लिहिण्याखेरीज काहीच नाही, आणि ‘फायनली’मध्ये, म्हणजे त्रुटी येवो न येवो शेवटी चालणाऱ्या भागात, कमिट आहे. लॉगमध्ये 11:52:41 या वेळेला 1205 क्रमांकाची त्रुटी दिसते, म्हणजे कुलूप (एका वेळी एकालाच टेबलाची ओळ बदलू देणारी राखण) मिळण्याची वाट पाहण्याची मुदत संपली. ही मुदत मुळात 50 सेकंदांची असते. त्याचा अर्थ कर्जखात्याचे विधान 11:51:51 ला त्या ओळीच्या दारात जाऊन उभे राहिले, दुसऱ्या कोणीतरी त्या ओळीला कुलूप लावलेले होते, आणि 50 सेकंद थांबून ते हात हलवत परतले.

इथे इनोडीबीचा एक विशेष आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे फसलेले लोक मी मोजायचे सोडून दिले आहे. मुदत संपल्यावर इनोडीबी फक्त ते एक विधान मागे घेतो. अख्खे ट्रान्झॅक्शन मागे जात नाही. आधीची दोन विधाने, म्हणजे बचत खात्यातून वजा झालेले पैसे आणि त्यांची नोंद, तशीच जिवंत राहतात आणि पुढे काय करायचे ते तुमच्या कोडने सांगावे अशी अपेक्षा असते. तुमच्या कोडने त्रुटी लिहून घेतली आणि ‘फायनली’त शिरून कमिट म्हटले. डेटाबेसने ते ऐकले. त्याच्या दृष्टीने हे दोन विधानांचे, पूर्ण आणि नेटके ट्रान्झॅक्शन होते. अखंडतेचे वचन त्याने पाळलेच. अर्धा व्यवहार अखंड म्हणून त्याच्या हाती आपण दिला. विचित्र भाग असा की डेडलॉकची, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शने एकमेकांच्या कुलपांसाठी अडकून बसण्याची, 1213 ही त्रुटी आली असती तर इनोडीबीने अख्खे ट्रान्झॅक्शन मागे घेतले असते आणि हाच सदोष कोड निभावून गेला असता. पोस्टग्रेसवर तर कुठल्याही त्रुटीनंतर ट्रान्झॅक्शन बाद ठरते, मधे सेव्हपॉइंट, म्हणजे मागे परतण्याचा टप्पा, ठेवलेला नसेल तर पुढची विधाने तो घेतच नाही, आणि कमिट म्हटले तरी रोलबॅकच करतो. पैशाच्या कामासाठी मला तो कडकपणा अधिक आवडतो, हे कबूल करतो. मायएसक्यूएलमध्ये मुदतीच्या त्रुटीवरही सारे मागे घेण्यासाठी ‘इनोडीबी_रोलबॅक_ऑन_टाइमआउट’ नावाचे सेटिंग आहे, आणि ते मुळात बंद असते. ते चालू करा, पण तेवढ्यावर थांबू नका. कमिट ‘ट्राय’च्या शेवटच्या ओळीवर आणा, ‘कॅच’मध्ये आधी रोलबॅक करा आणि मग त्रुटी वर फेका, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला व्यवहार झाला नाही हे दिसेल. ‘फायनली’त फक्त जोडणी बंद करण्याचे काम ठेवा.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर चाचणीच्या सर्व्हरवर दोन खिडक्या उघडा. पहिलीत ट्रान्झॅक्शन सुरू करून एका कर्जखात्याची ओळ बदला आणि कमिट न करता तशीच सोडा. दुसरीत तुमचीच विधाने क्रमाने चालवा. तिसरे विधान अडकेल, आणि पन्नास सेकंद म्हणजे किती वेळ असतो ते तेव्हा कळेल. काउंटरवर सभासद समोर उभा असताना कारकुनाने मशीन अडकले असे समजून खिडकी बंद केली असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. त्रुटी आली की कमिट द्या आणि बचत खात्याची शिल्लक पाहा.

मग कुलूप कोणाचे होते? 11:50 ला महिन्याची व्याजआकारणी सुरू झाल्याची नोंद तुमच्या लॉगमध्ये आहे. एरवी ती संध्याकाळी होते, त्या दिवशी कोणीतरी सकाळीच बटण दाबले. आकारणी साऱ्या कर्जखात्यांवर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि बदललेल्या प्रत्येक ओळीचे कुलूप शेवटच्या कमिटपर्यंत धरून ठेवते. तुमच्याकडे याला सुमारे चार मिनिटे लागली. आकारणीचे काम शंभर-शंभर खात्यांच्या तुकड्यांत करा, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र कमिट द्या, आणि कुठल्या खात्याची कोणत्या महिन्याची आकारणी झाली हे त्याच कमिटमध्ये नोंदवा. मधेच थांबले तर उरलेल्या खात्यांपासून पुढे चालवता येते आणि व्याज दोनदा लागत नाही. पैशाचे काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवे, हा नियम एका व्हाउचरला लागू आहे, हजार सभासदांच्या व्याजाला नाही.

तुम्ही विचारले नसले तरी कोड वाचताना आणखी एक गोष्ट खटकली, आणि ती या घटनेपेक्षा धोक्याची आहे. पैसे काढण्याच्या भागात शिल्लक आधी वाचली जाते, वजाबाकी तुमच्या प्रोग्राममध्ये होते आणि उत्तर परत लिहिले जाते. समजा, संयुक्त खात्यात 8,000 रुपये आहेत. आई मुख्य कचेरीत 5,000 मागते आणि त्याच मिनिटाला मुलगा कारेलीबागेच्या शाखेत 5,000 मागतो. दोन्ही काउंटरांना 8,000 दिसतात, दोघेही 3,000 लिहितात. पेढीतून 10,000 गेले, खात्यावर 3,000 शिल्लक आहे, दोन्ही ट्रान्झॅक्शने अखंड आहेत आणि दोन्ही टिकाऊ आहेत. तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या बाक्यांचा ताळा, काढेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शने एकमेकांपासून किती अलग राहतात, हे विलगतेची पातळी ठरवते. मायएसक्यूएलच्या मूळ पातळीवर, म्हणजे ‘रिपीटेबल रीड’वर, हे मुकाट्याने घडते. पोस्टग्रेसमध्ये याच नावाच्या पातळीवर दुसऱ्या लिहिणाऱ्याला त्रुटी मिळते. नाव एक आणि वागणूक दोन, हे योगायोगाने झालेले नाही. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या 1992 च्या प्रमाणकातील विलगतेच्या पातळ्यांच्या व्याख्या संदिग्ध आहेत, असे जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्येच दाखवून दिले होते. म्हणून पातळीच्या नावावर विसंबू नका. वजाबाकी डेटाबेसलाच करू द्या. शिल्लक 5,000 ने कमी करा, पण ती 5,000 किंवा अधिक असेल तरच, असे एकच विधान लिहा आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आल्या तर पैसे देऊ नका. आधी वाचून काही निर्णय करणे भागच असेल, तर वाचतानाच ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ओळ धरून ठेवा.

जामिनाच्या नियमात हाच प्रकार अधिक छुपा होतो. तुमच्याकडे एका सभासदाला दोनच कर्जांना जामीन राहता येते. एक सभासद आधीच एका कर्जाला जामीन आहे, आणि दोन शाखांत एकाच वेळी त्याचे नाव नव्या कर्जावर चढवले जाते. दोन्ही ठिकाणी मोजणीत एकच जामीन दिसतो, दोन्ही ठिकाणी नवी ओळ घातली जाते, आणि तो तीन कर्जांचा जामीन होऊन बसतो. इथे कोणी कोणाची ओळ बदललेली नाही, त्यामुळे पोस्टग्रेसच्या ‘रिपीटेबल रीड’लाही यात काही वावगे दिसत नाही. ‘सिरिअलायझेबल’ ही सर्वांत कडक पातळी, जिथे ट्रान्झॅक्शने जणू एकामागून एक चालल्यासारखाच निकाल लागतो, हे पकडते. पोस्टग्रेसमध्ये ती 2011 च्या 9.1 आवृत्तीपासून खऱ्या अर्थाने मिळू लागली. पण मग नाकारलेले ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवण्याची सोय कोडमध्ये हवी. तुमच्या व्यापासाठी मी साधा उपाय सुचवतो. जामीन मोजण्याआधी त्या सभासदाच्या मूळ नोंदीची ओळ ‘फॉर अपडेट’ने धरा, मग मोजा, मग घाला. दुसरी शाखा क्षणभर थांबेल आणि तिला दोन दिसतील. एकाच वेळी अनेक ओळी धरायच्या असतील, तर त्या सर्वत्र एकाच क्रमाने, उदाहरणार्थ खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमाने, धरा. डेडलॉक त्याने पुष्कळ कमी होतात.

रोलबॅकच्या आवाक्याबाहेरही काही गोष्टी असतात. पावती क्रमांकासाठी तुम्ही ‘ऑटो इन्क्रिमेंट’, म्हणजे क्रमांक आपोआप वाढवण्याची सोय, वापरता. ट्रान्झॅक्शन मागे गेले तरी त्यात वापरलेला क्रमांक परत मिळत नाही, आणि ऑडिटर मधल्या गाळलेल्या पावत्या मागतात. सलग क्रमांक हवेच असतील तर ते एका छोट्या टेबलात ठेवा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवा. पावत्या एकामागून एक निघतील, पण तुमच्या काउंटरांना तेवढे पुरते. सभासदाला जाणारा एसएमएस आणि पासबुकाची छपाई कमिटनंतरच करा, कारण छापलेले पासबुक मागे घेता येत नाही. आणि कमिट पाठवल्यावर उत्तर येण्याआधीच जोडणी तुटली, तर व्यवहार झाला की नाही हे तुम्हाला कळत नाही. अशा वेळी कारकून तोच व्यवहार पुन्हा घालतो. प्रत्येक मागणीला काउंटरवरच एक अनन्य क्रमांक द्या आणि त्यावर ‘युनिक’ बंधन (तोच क्रमांक दोनदा न घेणारे) ठेवा, म्हणजे दुसऱ्या खेपेला डेटाबेसच ती नाकारील.

राहिले ते 12,000 रुपये. टेबल उघडून कर्जाची बाकी हाताने बदलू नका. आधी व्हाउचरनिहाय नावे आणि जमेच्या बेरजा काढून ज्यांच्या जुळत नाहीत अशी व्हाउचरे शोधा. हा कोड किती दिवस चालू आहे ते पाहता हे एकटेच असेल असे मला वाटत नाही. मग प्रत्येकासाठी, व्यवस्थापकांच्या सहीने, मूळ व्हाउचरचा क्रमांक देऊन दुरुस्तीची नोंद घाला. त्या दिवसापासून जास्तीचे लागलेले व्याजही त्याच नोंदीत आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये परत करा. तेवढी नोंद घालताना व्याजआकारणी चालू नाही ना, हे मात्र आधी पाहून घ्या.